जपायला मागितलेली सनई

"दादू, ती सनई बुडवू नकोस. मला दे."

घरापासून खाडीच्या बांधापर्यंत वेणूबाईनं हे वाक्य मनातल्या मनात चारदा म्हणून पाहिलं होतं. तरी महारवाड्याच्या तोंडाशी, दादूच्या अंगणाबाहेर उभं राहून ते म्हणताना तिचा आवाज चोरासारखा निघाला. मिठागरावर जाऊन येते, असं घरी सांगून पाटलाची बायको भर दुपारी इथे आली होती.

दादू उंबऱ्यात बसला होता. त्याची बायको सखुबाई अंगणात सुकट निवडत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "पाटलीनबाय वाट चुकल्या जनू. मिठागर त्या अंगाला हाय."

"गप गं," म्हणत दादू उठून उभा राहिला. "बोला, बाय."

काय बोलायचं? दोन वर्षांपूर्वी या वाडीतली माणसं महाडला जाऊन तळ्याचं पाणी पिऊन आली. आल्यावर त्यांनी ठरवलं, मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि गावापुढे बाजाही वाजवायचा नाही. गावानं मग त्यांचं मिठागरावरचं काम बंद केलं. तो निकाल वेणूबाईच्याच ओटीवर झाला. आत चुलीपुढे बसून तिनं शब्द न् शब्द ऐकला, आणि भाकऱ्या थापत राहिली. तेव्हापासून ती भाकरी तिच्या घशात अडकली होती. काल तिला कळलं, वाडीचा ढोल खाडीत गेला, टिमकी गेली. आज भरतीला सनई जाणार.

"ती सनई माझ्या लग्नात वाजली," ती म्हणाली. "माझ्या नलूच्या बारशाला वाजली. पोर तापानं फणफणली होती, तेव्हा तू आमच्या कुंपणापाशी उन्हात उभा राहून चार दिवस वाजवलीस. तेव्हा कुठे ती निजायची. मी विसरलेली नाही, दादू."

"मी पन न्हाय. पायाला फोड आले व्हते."

सखुबाई फसकन हसली. वेणूबाईनं मान खाली घातली. फोडांचं तिला ठाऊकच नव्हतं. कुंपणापलीकडे डोकावून बघावं, असं त्या चार दिवसांत तिला सुचलं नव्हतं. तीस वर्षं ऐकलं, पण 'छान वाजवलंस' एवढं म्हणायलाही तिचं तोंड उघडलं नव्हतं.

दादूनंच विषय बदलला. "परवा नलूचं लगीन ना? पेनचा बँड सांगितलाय म्हनं. बरा वाजवतात. नवरदेवाचं घोडं बिथरलं न्हाय म्हंजे झालं."

ती हसली. हसल्याची लगेच लाज वाटली.

"मी तुला वाजवायला बोलवायला आले नाही," ती घाईनं म्हणाली. "तेवढं तोंड नाही मला. पण शिमग्याची पालखी इतकी वर्षं हिच्या मागून चालली. तुझ्या आज्यानं स्वतःच्या हातानं कोरलेली ही. बुडाली तर मागून येणाऱ्या पोरांना कळणारसुद्धा नाही, आपलं गाव कसं वाजत होतं."

दादूनं खाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाय, सनई वाईट न्हाय. जिथं हुबं ऱ्हाऊन वाजवायला लागते, ती जागा वाईट."

"म्हणून तर म्हणते, मला दे. देवघराशेजारी ठेवीन. तेल लावीन. पाटील ओरडले तर ओरडू देत. या वेळी मी गप्प बसणार नाही."

हे बोलून झाल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा तिला छाती हलकी वाटली. एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात. सखुबाईचे हात सुकटीत थांबले.

"देवघराशेजारी?" दादूनं विचारलं.

"देवाशपथ."

तो आत गेला.

"देताय व्हय?" सखुबाईनं दाराकडे तोंड करून विचारलं. "वाडीला काय सांगाल?"

"सांगीन," आतून आवाज आला, "बुडवली न्हाय. घर मिळालं तिला."

तो सनई घेऊन बाहेर आला. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून त्यानं ती सोडवली. तीन पिढ्यांच्या बोटांनी भोकांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. त्यानं पितळेचं तोंड तळहातानं पुसलं, अंगणाच्या कडेपर्यंत आला, आणि बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणून आजीच्या हाती देतात, तशी दोन्ही हातांवर आडवी धरून सनई पुढे केली.

वेणूबाईचे डोळे भरून आले. ती एक पाऊल मागे सरली, पदर सावरला, आणि म्हणाली, "ठेव खाली. घेते मी."

दादूची कंबर वाकली. सनई जमिनीपासून वीतभर वर असताना त्याचे हात थांबले. मग तो सावकाश सरळ झाला.

"बघा, बाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमचं तोंड बोललं आनि माझी कंबर वाकली. दोघांनीबी इचार केला न्हाय. म्हनून बुडवायची हाय ती."

तो निघाला. आजवर तिला पाहून तो वाट सोडून कडेनं जायचा. आज तिच्या पदराला धक्का लागेल इतक्या जवळून, सरळ खाडीच्या वाटेनं गेला. सुपात सुकट तशीच टाकून सखुबाई त्याच्या मागे गेली.

वेणूबाईनं दोन्ही हात पुढे केले, तेव्हा त्यात काही ठेवायला समोर कोणी उरलं नव्हतं.