मागचं दार

अख्ख्या आचऱ्यात दाजींच्या टॅक्सीएवढी लखलखीत गाडी नव्हती. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजू नये म्हणून ते ती रोज विहिरीच्या पाण्याने धूत, काचा जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत. मागच्या सीटवरची वाळू मात्र कधी झाडत नसत.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात मुंबईच्या एका बाईंनी मुलांना समुद्र दाखवायला ती टॅक्सी केली. परत निघताना त्यांनी धाकटीला गाडीच्या दाराशीच अडवलं. "पायांना किती वाळू! जा, लाटेत धुवून ये. काकांची गाडी खराब होईल."

पोर वळली, तोच दाजी "नको!" म्हणून ओरडले. धावत जाऊन त्यांनी तिला उचललं आणि तशीच मागच्या सीटवर बसवली. मग ते स्टिअरिंगवर जाऊन बसले, पण गाडी सुरू केली नाही.

बाईंनी दार ओढून घ्यायला हात घातला.

"दार वायच उघडा रवांदे, बाय," दाजी समुद्राकडे बघत म्हणाले. "गाडी नवी होती तेव्हा माझी पोर जानकी अशीच लाटेत पाय धुवन इली. गाडयेकडे येयसर परत वाळू लागली. मी म्हटलंय, परत धुवन ये. हसत गेली, हसत इली, पायांका परत वाळू. मी तिका तिसऱ्यांदा पाठवलंय."

बाईंचा हात दारावरच राहिला.

"ती अजून येवक नाय."