सुटे पार्ट

"वहिनी, आधी बाप्पांना उठवा. ते बसलेत तोवर मी पाना लावणार नाही," रझाक मिस्त्री गाडीचं दार उघडून म्हणाले.

आमची जुनी गाडी कित्येक वर्षं पोर्चमध्ये धूळ खात पडली होती. भंगारवाला ती वजनावर न्यायला तयार होता, पण ह्यांचा हट्ट, की पार्ट सुटे करून विकले तरच परवडेल. "इंजिन वेगळं, दारं वेगळी, अगदी हॉर्नसुद्धा," असं आठवडाभर ऐकवून अखेर ह्यांनीच मिस्त्रींना बोलावलं. आज सकाळी मात्र हे चहाही न घेता गाडीत जाऊन बसले होते. एकदा शेवटची पुसून घेतो म्हणाले.

डॅशबोर्डवरच्या गणपतीला उठवायचं, तर उत्तरपूजा हवी. मी अक्षता वाहिल्या, मूर्तीच्या हातावर दही ठेवलं आणि मूर्ती हलवायला गेले. ती हलेना. परवा धूळ झटकताना हीच मूर्ती मी सहज उचलली होती.

"बाप्पांच्या मनात नाही. राहू दे मग गाडी," हे गहिवरून म्हणाले आणि त्यांनी भक्तिभावाने हात जोडले.

मिस्त्रींनी पाने पिशवीत भरले, तरी ह्यांचे हात जोडलेलेच. मी जवळ गेले, तर चपला चिकटवायच्या गोंदाचा वास. ह्यांनी तळवे सोडवायची पुन्हा खटपट केली आणि माझी नजर चुकवली.

मिस्त्रींनी ते हात उलटसुलट करून पाहिले.

"वहिनी, हे दोन पार्ट काही सुटे निघायचे नाहीत."