नवसाचा नारळ

“घड्याळ थरथरलं की बसायचं, काका. बसूनही थांबलं नाही, तर मुकाट्यानं परतायचं. कबूल?” हृदयविकाराच्या झटक्यानंतर यांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधताना राजकोटच्या नर्स नयनाबेन म्हणाल्या होत्या. यांनी शब्द दिला. मी मात्र चामुंडामाँला नवस बोलले होते, यांच्याच हातून नारळ वाहीन. आज चोटिल्याचा डोंगर चढताना वर माँच्या देवळाची ध्वजा दिसली आणि घड्याळ थरथरलं. हे बसले. थरथर थांबेना. माझे डोळे भरले. वर चाललेले एक आजोबा हसले, “काय भाई, माताजीपेक्षा घड्याळ मोठं?” “नाही बापा, पण नयनाबेनला शब्द दिलाय.” अंगावर वळू आला तरी मागे न सरलेल्या या माणसानं नारळ कपाळाला लावून आजोबांच्या हाती दिला. “आमचा म्हणून वाहा.” मला म्हणाले, “आई इथूनही बघते गं,” आणि कठडा धरून हळूच उतरू लागले.