एकेचाळीस नंबरला भेटायचंय

“चौघं ठेवा,” अमोस म्हणाले आणि काट्याने टेबलावर चार ठोके दिले. “एकाच घोड्यावर सगळं ओझं लादलं, की घोडा अर्ध्या वाटेत बसतो.”

“आणि त्या चौघांचा पगार कोण, तुझे आजोबा देणार?” स्टानेक म्हणाला. “लीगने मर्यादा घातलीय. अख्खा संघ तेवढ्यात बसवायचा. कर्शॉ एकटाच त्यातले नव्वद लाख डॉलर गिळतो.”

“गिळू दे की,” वेंडेल म्हणाला. “अनुभव बाजारात मिळत नाही.”

“तिशी उलटली त्याची! धावणाऱ्या गड्याची तिशी म्हणजे आपली सत्तरी.”

“सत्तरीला काय झालं? मी अजून चढतो की जिना.”

“चढतोस. वर गेल्यावर कशाला आलो ते विसरतोस.”

अमोस सगळ्यांत मोठ्याने हसले.

लोरेन गावातल्या डोरीनच्या उपाहारगृहात दर मंगळवारी सकाळी हे टेबल भरे. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला स्टानेक, शाळेची बस चालवणारा वेंडेल आणि अमोस. चौथ्या खुर्चीवर अमोसची मुलगी रोझलिन. अमेरिकन फुटबॉलमधले, चेंडू काखेत दाबून समोरच्या अकरा जणांत घुसणारे गडी संघात किती हवेत आणि ते परवडायचे कसे, हा वाद मार्च महिन्यात इथे रोजच्या पावासारखा ताजा असायचा.

रोझलिनला या खेळाचं प्रेम नव्हतं. लहानपणी रविवार म्हणजे वडील घरी नसण्याचा दिवस. पण गेल्या चार वर्षांत वडिलांच्या आठवणीतून एकेक गोष्ट गळत गेली, रस्ते गेले, आईचं नाव गेलं, आणि मंगळवार तेवढा उरला. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना भांडू द्या. चुकले तर दुरुस्त करू नका. म्हणून ती दर मंगळवारी कामावरून सकाळची सुट्टी घेई, त्यांना कोट घाली आणि इथे आणी.

“चौघं असले की एकेकाने दहादा आपटायचं,” अमोस म्हणाले. “एकालाच चाळीसदा आपटू दिलंत, तर त्याचं पुढं काय होतं? कुणी पाहिलंय?”

वेंडेलने कप पुढे सरकवला. डोरीन कॉफी ओतून गेली.

“बरं, ती गोष्ट सांग,” अमोस म्हणाले. “एकेचाळीस नंबरच्या गड्याची.”

स्टानेकने बशी बाजूला सारली. ही गोष्ट तो दर आठवड्याला सांगे, पण उरकून टाकत नसे.

“चिखल असा, की बूट ओढला तर पाय बाहेर यायचा. शेवटची दोन मिनिटं. सगळ्या मैदानाला ठाऊक, चेंडू एकेचाळीसलाच देणार. त्या अकरा जणांनाही ठाऊक. दिला. एक जण कमरेला लटकला, दुसरा पाठीवर बसला, तिसऱ्याने पाय धरला. आणि हा गडी तिघांना घेऊन चालत राहिला रे! धावत नव्हता. चालत होता. घरी किराणा नेतात ना, तसा.”

“तिघांना घेऊन!” अमोसचे डोळे भरून आले. “मी कुठे होतो तेव्हा?”

“तूही होतास की तिथे.”

“मग मला कसं आठवत नाही?”

“गर्दी फार होती,” स्टानेक म्हणाला आणि मिठाची बाटली उगाच हलवत बसला.

एवढ्यात कुणी परका माणूस हातात टोपी आणि पेन घेऊन टेबलापाशी आला. वेंडेल लगबगीने उठला, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला काउंटरकडे घेऊन गेला.

“रोझी,” अमोस म्हणाले, “तो एकेचाळीस आहे ना अजून?”

“आहे, डॅडी.”

“मला भेटायचंय त्याला. गेल्या वेळी तू नेते म्हणालीस.”

“लांब राहतो तो. नेईन.”

“कधी?”

“ऊन पडू दे जरा.”

“भेटून काय बोलशील रे?” स्टानेकने विचारलं.

अमोस विचारात पडले. “म्हणेन, तुझ्यासारखा दुसरा झाला नाही. आणि म्हणेन, पुरे आता. बस जरा.” मग मुलीकडे वळून म्हणाले, “विसरू नकोस हं. मी विसरतो. तू नको विसरूस.”

“नाही विसरणार.”

शुक्रवारी पहाटे ते झोपेतच गेले.

रोझलिनने चहा ठेवला होता. हाका मारल्या, मग खांदा हलवला, मग शेजारी बसून राहिली. ऊन स्वच्छ पडलं होतं.

पुढच्या मंगळवारी अंत्यदर्शनाला एवढी माणसं येतील असं तिला वाटलं नव्हतं. रांग दाराबाहेर, पार रस्त्याच्या वळणापर्यंत होती. लोक टोप्या काढून आत येत, शवपेटीपाशी थांबत आणि पुढे सरकत. डोरीनने उपाहारगृह बंद ठेवलं होतं.

स्टानेकने आयुष्यात दुसऱ्यांदा टाय बांधला होता. तो पेटीवर वाकला.

“जिंकलास रे, अमोस. संघाने कर्शॉला सोडलं काल. त्याच्या पैशांत दोघं घेतले. झाले चौघं.”

“सोडायला नको होतं,” वेंडेल रडत म्हणाला.

“गप रे. इथे तरी.”

“इथेच तर बोलणार. तो मला गप बस म्हणाला असता?”

दोघंही ओल्या डोळ्यांनी हसले आणि रोझलिनला वाट करून देत बाजूला झाले.

ती पेटीपाशी गेली. चार वर्षं दर मंगळवारी जे जिभेवर येऊन परत गेलं होतं, ते आता अडवायला कुठले डॉक्टर नव्हते. तिने वडिलांच्या कपाळावर हात ठेवला.

“डॅडी, तो लांब राहत नव्हता. मी खोटं बोलत होते,” ती मोठ्याने म्हणाली. “एकेचाळीस नंबर तुम्हीच होतात.”