दारातलं हसू

दिवे मालवले, आणि अहल्येने पडद्याकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं.

हयवदन मांडीवर छत्री आडवी ठेवून परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता. सिनेमा म्हणजे वेळेची नासाडी, हे त्याचं ठाम मत. देवाचं चित्र आहे, नारायण प्रत्यक्ष दर्शन देतात, असं सांगून तिने त्याला मल्लेश्वरमहून बसने मॅजेस्टिकच्या टॉकीजपर्यंत आणलं होतं. देव आपला निमित्ताला. तिला दाखवायची होती ती चित्राआधीची बँकेची जाहिरात. त्या जाहिरातीत खुद्द हयवदन होता. आपलंच तोंड आपण काय बघायचं, म्हणून त्याने ती अजून पाहिली नव्हती.

दारावरच्या देवाप्पाने तिकिटं फाडता फाडता घोळ घातलाच होता.

"आज शेवटचा दिवस, अक्का. उद्या तुमचं रीळ हुबळीला जातंय."

"तुमचं?" हयवदन थबकला. "ह्याची तुझी ओळख कशी?"

"सगळ्यांनाच अक्का म्हणतो तो. चला, स्वल्प उशीर झाला की सुरुवात चुकते."

ओळख कशी नसणार! गेला महिनाभर सासूबाईंना भजनाला पोचवून ती दुपारच्या खेळाला येत होती. जाहिरात संपली की उठून घरी. देवाप्पाला आधी वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग एकदा पडद्यावरचा माणूस बाजारात तिच्यामागून पिशवी घेऊन चालताना दिसला. तेव्हापासून तो तिला कडेची खुर्ची राखून ठेवू लागला.

बँकेला विश्वासू चेहरा हवा होता, म्हणून साहेबांनी नटाऐवजी कचेरीतलाच कारकून उभा केला. घरी येऊन हयवदन एवढंच म्हणाला, "झालं शूटिंग. ऊन फार होतं." तो घरात बोलायचा ते तार करावी तसंच. अहल्येची त्याबद्दल तक्रारही नव्हती. माणूसच तसा, असं धरून ती चालली होती. पण महिन्यापूर्वी तिने ही जाहिरात पाहिली आणि तिचं सगळं बिनसलं.

पडद्यावर संरक्षण निधीची पाटी आली, मग तपकिरीची. मग बँकेच्या जाहिरातीची वीणा सुरू झाली.

ही चाल तिच्या अंगात भिनली होती. इडलीचं पीठ वाटताना, वेणी घालताना ती ओठांवर येई. दुपारी जरा डोळा लागला की त्या चालीबरोबर ती पायऱ्या चढू लागे. पांढऱ्या, स्वच्छ, संपता न संपणाऱ्या पायऱ्या. खालून बासरी ऐकू यायची, वर एक दार दिसायचं. ते उघडायच्या आत तिला जाग यायची, आणि मग सबंध दिवस चुकल्या चुकल्यासारखं वाटायचं.

पडद्यावर ते दार उघडलं. हयवदन उंबऱ्यात आला, त्याने खाली पाहिलं, आणि तो हसला. आधी डोळे हसले, मग गाल, मग सगळा माणूसच उजळला. पायऱ्या चढून एक बाई येत होती. केसांत मोगरा, अंगावर जरीकाठी साडी, चालणं कसं अलगद. पोरींच्या घोळक्याने बँकेचं नाव गाऊन घेतलं आणि एक गोड आवाज कानडीत म्हणाला, तुमचं घर, तुमचं उद्या.

अहल्येला त्या बाईचा हेवा वाटे. हे हसू याच्यापाशी होतं तर घरात कधी का दिसलं नाही? ते हसू त्या बाईसाठीच होतं का? आज तिला तेवढंच बघायचं होतं. ती बाई पायऱ्या चढताना दिसली की त्याचा चेहरा कसा होतो, ते अंधारात का होईना, डोळ्यांनी बघायचं. मग काय तो निकाल लागला असता.

पडद्याचा उजेड त्याच्या चष्म्यावर हलत होता. स्वतःला पाहून तो आधी लाजला, खाली बघू लागला. मग त्याने मान वर केली. कपाळाला आठी पडली. तो तिच्याकडे झुकला.

"अगं, ही बाई कोण?"

सोंग घेतोय, तिला वाटलं. "कोण म्हणजे? तुमची बायको! तिच्याकडेच बघून एवढं हसताय की."

"हिला मी आजच बघतोय. माझ्यासमोर कुणी नव्हतं. तिपाईवर कॅमेरा, बस. हिचं शूटिंग मद्रासला झालं असेल, मागून जोडलं."

"मग हसलात ते कुणाकडे बघून?"

मागून कुणीतरी गप्प बसा म्हणून दटावलं. हयवदनने मांडीवरची छत्री सरळ केली. ती सरळच होती.

"शूटिंगवाले म्हणाले, आपलं माणूस पायऱ्या चढून येतंय असं समजा," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "तसं समजलो."

"आपलं माणूस म्हणजे?"

"आता तेही सांगू?"

वीणा थांबली. अहल्येने छत्रीवरचा त्याचा हात आपल्या हातात घेतला. तिच्या डोळ्यांपुढे ते दार उघडंच राहिलं होतं, आणि या वेळी तिला जाग येत नव्हती.

चित्र सुरू झालं. लखलखत्या उजेडात शेषशायी नारायण प्रकट झाले आणि सगळ्या टॉकीजने हात जोडले. कडेच्या खुर्चीपाशी एक छत्री खाली पडली, ती कुणी उचलली नाही. हयवदनने जन्मात पहिल्यांदा देवाला एका हाताने नमस्कार केला.