सापळ्यातली झुरळं

झुरळांचं औषध मारणाऱ्याने निवृत्त शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात चार चिकट सापळे लावले होते. आठवड्याने, भर दुपारी, त्याने ते तपासले.

"मानेवर दोन काळ्या रेघा. घरातलीच बारकी जात," असं म्हणत तो आणखी खाली वाकला. चारही सापळ्यांत प्रत्येक झुरळाचं तोंड बाहेरच्या दाराकडे होतं.

"बाई, ही खायला आलेली नाहीत. आतल्या खोलीतून पळून चालली होती."

हा आता महागडं औषध गळ्यात मारणार, असं बाईंना वाटलं.

"मी एकटीच राहते. ती खोली रिकामी आहे. खुशाल बघून या," त्या ठसक्यात म्हणाल्या.

त्याने दार ढकललं. पुन्हा ढकललं. मग बॅग उचलत तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, आतून कडी लावलीय."