गावाचं नाव

डब्लिनच्या लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात दादाराव आणि गुलनाराबाईंचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, म्हणून दोघांचं छान जमायचं.

"कॉकेशसमधल्या माझ्या गावाचं नाव सरकारनं बदललं," बाई एकदा म्हणाल्या. "आता त्याला सखारी म्हणणारं कुणी उरलं नाही."

"आमच्या वस्तीचंही बदललं. भीमनगर."

"कुणी बदललं?"

"आम्हीच. भांडून."

"आणि जुनं?"

"ते नाव लोक आमच्या तोंडावर फेकून मारायचे."

बाईंनी ते नाव विचारलं नाही. दादारावांना फार बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी ते दारातूनच म्हणाले, "गुड मॉर्निंग, सखारी!"

 बाईंनी शेजारची खुर्ची ओढली.

"या भीमनगर, बसा."